पेक्काभाऊंचा पहारा

परदेशी माणूस आपल्याकडे काही वर्षं राहून परत निघाला, की ‘तुम्हाला इथलं काय आठवेल हो?’ असं त्याला विचारायचं असतं. प्रश्न दिसतो तितका साधा नाही. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असतं, आणि बहुतेक वेळा ते उत्तर म्हणजे तो स्वतःच असतो.

आमच्या शेजारच्या बंगलीतले पेक्काभाऊ फिनलंडला परत निघाले, तेव्हा अख्ख्या कासार आंबोलीने त्यांना हा प्रश्न विचारून घेतला. पेक्काभाऊ म्हणजे अवजड क्रेन बनवणाऱ्या कारखान्यातले मोठे इंजिनीअर. तीन वर्षांसाठी आले आणि नऊ वर्षं राहिले. बंगली गेणबांची. गेणबांनी निम्मी जमीन विकली आणि उरलेल्या निम्मीवर भाड्याच्या बंगल्या बांधल्या. पेक्काभाऊंच्या घरी स्वयंपाकाला सगुणाबाई. मराठी ते तिच्याकडून शिकले, त्यामुळे साडेसहा फुटांचा, पांढऱ्या भुवयांचा हा माणूस कुरिअरवाल्याला “हितं नगं, तितं ठिव” असं सांगायचा आणि कुरिअरवाला पार्सल हातातच धरून उभा राहायचा.

मी त्यांची भाषा शुद्ध करायचा प्रयत्न केला. “पेक्काभाऊ, ‘हाय’ नाही. ‘आहे’ म्हणा.”

“व्हय,” ते म्हणाले. “आहे हाय.”

तेव्हापासून मी तो नाद सोडला.

आमची जोडी जमली ती कीर्तनामुळे. मला कीर्तनाचं वेड आहे, हे मी अभिमानाने सांगतो. पंचक्रोशीत कुठेही टाळ वाजला की माझे पाय तिकडे वळतात. ही देवाची कृपा, असं मी मानतो. भाजी निवडायची वेळ आणि टाळ वाजायची वेळ बरोबर एकच कशी, असं माझी बायको आशालता विचारते. पेक्काभाऊंकडे गाडी होती आणि माझ्याकडे भक्ती, त्यामुळे दोघं मिळून आम्ही पुष्कळ कीर्तनं ऐकली. मी शेजारी बसून त्यांना सगळं इंग्रजीत समजावून सांगत असे. बुवांनी एखादा विनोदी दृष्टान्त सांगितला की मंडप हसायचा, हसून थांबायचा, बुवा गंभीर होऊन नामाचा महिमा सांगू लागायचे, आणि नेमकं त्याच वेळी माझं भाषांतर पोचून पेक्काभाऊ एकटेच खो खो हसायचे. दोन बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढच्या वर्षी मी खांबाआड बसलो.

तर प्रश्न. आशालतेची खात्री होती की त्यांना तिचं थालीपीठ आठवेल. समोरच्या बंगल्यातला निरंजन हिंजवडीत नोकरी करतो आणि प्रत्येक विषयावर त्याचं मत तयार असतं. तो म्हणाला, “काका, सोपं आहे. ड्रायव्हर, माळी, स्वयंपाकाला बाई. तिकडे गेल्यावर स्वतःची भांडी स्वतः घासायला लागली की इंडिया आठवेल.” सगुणाबाई म्हणाली, “माज्याशिवाय त्यांच्याशी भांडणार कोण तितं? जेवणच जायचं न्हाई त्यास्नी.” गेणबांचा दावा विहिरीवर होता. “आमच्या हिरीचं पाणी. दुसरं काय हाय हितं?”

मला उत्तर ठाऊक होतं. एवढी वर्षं ज्याने यांना कीर्तनाचा एकेक शब्द उलगडून सांगितला, रोज संध्याकाळी कुंपणापाशी उभं राहून अवघं जीवन समजावून दिलं, तो माणूस कोण, हे मी माझ्या तोंडाने कशाला सांगू? तरीही त्यांच्या तोंडून ऐकायला हरकत नव्हती. मी शाल नीट केली आणि विचारलं.

पेक्काभाऊ बराच वेळ डोंगराकडे बघत राहिले. तिकडची माणसं उत्तराआधी विचार करतात. ही सवय आपल्याकडे नसल्याने मधला वेळ फार अवघड जातो. मी तेवढ्यात त्यांना सह्याद्री, थंडी आणि माझा गुडघा यांविषयी थोडं सांगितलं.

“वीणा,” ते शेवटी म्हणाले.

“वीणा?”

“सप्त्यात एक मानूस वीणा घिऊन उभा ऱ्हातो. मी दर वर्साला बघतो. मला एकदा उभं ऱ्हायचं व्हतं. कुणाला बोललो न्हाई. ते आठवंल.”

म्हणजे नऊ वर्षांत जे त्यांनी केलंच नाही, ते त्यांना आठवणार होतं. आणि जो रोज कुंपणापाशी भेटला, तो मी, यादीत कुठे नव्हतो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वीणेचं नाव ऐकून कीर्तनवेड्याने रुसून बसणं शोभत नाही. मी तिथल्या तिथे शब्द दिला. “पेक्काभाऊ, तुम्ही या सप्ताहात वीणा घेऊन उभे राहाल. माझ्यावर सोडा.”

या ‘माझ्यावर सोडा’ने आजवर माझं फार नुकसान केलंय.

ज्यांनी सप्ताह पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सात दिवस मंदिरात अखंड नाम चालतं. एक जण वीणा गळ्यात घालून, नाम घेत उभा राहतो. त्याला पहारा म्हणतात. त्याची वेळ संपली की दुसरा येतो, वीणा त्याच्या गळ्यात जाते, दोघं एकमेकांच्या पाया पडतात. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही आणि माणसावाचून राहत नाही. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या गावात पहारे घराण्यांचे ठरलेले आहेत. जमीन विकतील, पहारा देणार नाहीत.

मी आधी गेणबांचा मुलगा अमोल याच्याकडे गेलो. तो सप्ताह कमिटीचा सेक्रेटरी. “काका, जागा न्हाई ओ. सगळं पहारं फुल हायेत. आन दुसरं म्हंजी, परदेशी मानूस हाय. उद्या कुनी व्हिडिओ टाकला आन वरून विचारना झाली, तर कमिटी अडकायची. तुमी असं करा, एक परवानगीचा कागद आना.”

मी एका कचेरीत गेलो. कोणत्या ते सांगत नाही, कारण त्यांनी मला बसायला खुर्ची दिली होती. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “याला परवानगी लागत नाही.”

“मग लागत नाही असं लिहून द्या.”

“लागत असती तर दिली असती. जी लागत नाही ती कशी देणार?”

निर्गुणाचं निरूपण मी पुष्कळ ऐकलंय, पण इतक्या थोडक्यात कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना नमस्कार केला. ते म्हणाले, शेजारच्या खिडकीत विचारून बघा. शेजारच्या खिडकीने मला परत याच खुर्चीकडे पाठवलं. खुर्चीवर तोवर दुसरे कोणी बसले होते.

हात हलवत परत आलो, तर गेणबा पारावर बसलेले. म्हणाले, “कागुद कशाला? वीणा काय सातबाऱ्यावर चढवायची हाय का? पहारा देनारा मिळवा, म्या बघतो कोन आडवं येतंय.”

पहारा दिला सावळाने. सावळा मेंढरं राखतो. दुपारच्या पंगतीच्या वेळचा पहारा त्याच्या घराण्याचा आहे. सगळं गाव जेवत असताना उपाशी उभं राहायचं, म्हणून बहुधा तो त्याच्याकडे आला असावा. तो म्हणाला, “माज्यातला पयला अर्धा घ्या. मागल्या अर्ध्याला म्या येतो. तवर मेंढरास्नी पानी दावतो.” इतका सरळ व्यवहार मुळशी तालुक्यात अलीकडे कोणी पाहिला नसेल.

दिवस ठरला तोच पेक्काभाऊंच्या निघण्याचा दिवस. विमान रात्री मुंबईहून, गाडी दुपारी दारात येणार, आणि व्हिसा त्याच मध्यरात्री संपणार. म्हणजे विमान चुकलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पेक्काभाऊ पाहुणे राहणार नव्हते, गुन्हेगार होणार होते. निरंजन म्हणाला, “काका, बफर ठेवा.” मी म्हणालो, “अरे, देवाच्या कामात कसला बफर?”

आता तालीम. खरी वीणा तालमीला मिळेना, म्हणून आशालतेने भाजीसाठी आणलेला दुधी भोपळा मी निरंजनच्या लॅपटॉपच्या पट्ट्याला बांधला आणि पेक्काभाऊंच्या गळ्यात अडकवला. मग नियम सांगितले. एक, वीणा खाली ठेवायची नाही. दोन, मुखात नामाशिवाय शब्द नाही. तीन, दुसऱ्याने घेतल्याशिवाय जागा सोडायची नाही. आणि चार, वीणा कोणाला ‘घ्या’ म्हणायचं नसतं, घेणारा आपण होऊन येतो. हा चौथा नियम शास्त्रात आहे की नाही मला माहीत नाही, पण सांगताना तो फार शोभून दिसला.

पेक्काभाऊ इंजिनीअर. सूचना वाचल्याशिवाय ते मिक्सरचं बटणही दाबत नाहीत. त्यांनी चारही नियम दोनदा म्हणवून घेतले. मी त्यांना व्हरांड्यात उभं करून क्षणभर आत जाऊन पडलो, आणि माझा डोळा लागला. उठून बाहेर आलो तर सूर्य डोंगराआड, आशालता कमरेवर हात ठेवून उभी, आणि पेक्काभाऊ दुधी गळ्यात घालून ‘रामकृष्णहरी’ म्हणत तसेच. “अहो, भाजीचं काय करू मी?” आशालता म्हणाली. “दुधी द्या म्हटलं तर देत नाहीत. म्हणे रामकृष्णहरी!”

पोशाखाचा प्रश्न निराळाच. साडेसहा फुटांना पुरेल असं धोतर पौडपासून भूगावपर्यंत एकाही दुकानात नव्हतं. निरंजनने इलॅस्टिकवालं तयार धोतर सुचवलं, ते गुडघ्याखाली संपलं. शेवटी सगुणाबाईने दोन धोतरं जोडून शिवली. टोपी डोक्याला होईना म्हणून फेटा बांधला, आणि फेट्यासकट पेक्काभाऊ सभामंडपाच्या पंख्याला लागतात हे लक्षात आल्यावर अमोलने तो पंखाच काढून टाकला. “ऱ्हाऊ द्या काका, थंडीच हाय,” तो म्हणाला. परवापरवापर्यंत कागद मागणारा हाच मुलगा! नंतर त्याने वीणेसमोर माइकही आणून लावला. “पेक्काभाऊंचा आवाज पार रस्त्यापातुर गेला पायजे.”

निघायच्या दिवशी दुपारी मी पेक्काभाऊंना मंदिरात नेलं. गेणबांनी स्वतः त्यांच्या कपाळाला बुक्का लावला. आधीच्या माणसाने वीणा उतरवून त्यांच्या गळ्यात घातली. पेक्काभाऊ वाकले, ते बराच वेळ वाकतच राहिले, कारण अंतर फार होतं. मग ताठ उभे राहिले, डोळे मिटले आणि नाम सुरू केलं. मागे बसलेल्या बायकांनी झेललं. सगुणाबाई सगळ्यांत पुढे.

माझे डोळे भरून आले. असे भरले की समोरच्या पंगतीत वाढायला गेलो तर निरंजनला तीनदा भात वाढला.

पंगतीत मी फिरून फिरून सगळ्यांना एकच गोष्ट सांगत होतो: फिनलंड कुठे आहे, तिथे किती थंडी असते, आणि या माणसाला नामाची गोडी कोणी लावली. शेवटच्या मुद्द्यापाशी मी थांबत असे, म्हणजे ऐकणाऱ्याला नाव घ्यायला वाव मिळावा. कोणी घेतलं नाही. बुंदी चांगली झाली होती.

इतक्यात मुंबईला न्यायची गाडी बॅगा भरून मंदिरापाशीच आली. ड्रायव्हर बिहारचा. “साहब तैयार हैं क्या?” त्याने विचारलं. अमोल म्हणाला, “पहले प्रसाद खाव.” त्याला पंगतीत बसवलं, आग्रह केला, आणि जेवून तो गाडीत सीट मागे करून झोपला. घड्याळाकडे माझं लक्ष नव्हतं. सावळा वेळेवर जाणार, पेक्काभाऊ मोकळे होऊन इकडे येणार, मग माझं निरोपाचं छोटंसं भाषण, जे मी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत पाठ केलं होतं. सगळं चोख.

वाढता वाढता मला सावळा दिसला. पंगतीत. जेवत.

“अरे सावळा, तू इथे? तुझा पहारा?”

“गेल्तो की वेळेवर,” सावळा पुरी मोडत म्हणाला. “पर काका, त्यांचा भाव बघवंना. डोळं मिटल्यालं, घाम आल्याला, ओठ थरथरत्यात. आज चाललाय बिचारा कायमचा. म्या म्हनलं, अर्धा कशाला, सगळा घ्या. पाया पडलो आन आलो.”

माझ्या हातातली बुंदीची बादली जड झाली.

पुढे जे कळलं ते सगळ्यांकडून तुकड्यातुकड्यांनी. सावळा आला तेव्हा पेक्काभाऊंनी मान पुढे केली होती, वीणा काढून घ्यावी म्हणून. सावळाला वाटलं, आशीर्वाद देतायत. मग गेणबा आले. पेक्काभाऊंनी त्यांना डोळ्यांनी बाहेरची गाडी दाखवली. गेणबा म्हणाले, “बगा, संसाराकडनं कशी नजर फिरवली,” आणि त्यांच्या गळ्यात हार घातला. आणखी दोघं-तिघं वीणा घ्यायला म्हणून पुढे झाले होते. त्यांना बायकांनी मागे ओढलं. “ऱ्हाऊ द्या वं, परत कुटं मिळायचंय त्याला?” एकूण काय, सगळ्या गावाने मिळून अत्यंत प्रेमाने त्या माणसाचं विमान चुकवायला घेतलं होतं. आणि तो? तो माझे चारही नियम अक्षरशः पाळत होता.

तेवढ्यात भोंग्यातून नामाची चाल बदलल्यासारखी वाटली. मी कान दिला. पेक्काभाऊंनी एका नियमातून वाट काढली होती. मुखात नाम होतं, पण नुसतं नाम नव्हतं.

“रामकृष्णहरी, गाडी आली हरी. लेलेकाका हरी, कुटं हाय हरी.”

आणि मागून शंभर बायकांनी एका सुरात झेललं, “लेलेकाका हरी, कुटं हाय हरी!”

आयुष्यात माझं नाव इतक्या जणांनी एकदम कधी घेतलं नव्हतं. पण सुख मानायला वेळ नव्हता. मी धावलो. माझा गुडघा सोबत धावला नाही, तो मागून आला. पायरीशी अमोलने अडवलं. “काका, हात खरकटं हायेत. वीणेला लावू नगा.” नळावर गेलो तर नळाला पाणी नाही. गेणबांच्या विहिरीवर गेलो, हातपाय धुतले, धोतर सावरत परत आलो, आणि पेक्काभाऊंसमोर उभा राहिलो.

त्यांनी मला पाहिलं. असं कोणी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. मी वीणेला हात लावला. ते वाकले. पट्टा फेट्यात अडकला, फेटा सुटून आम्हा दोघांभोवती उलगडला, सगुणाबाईने नामात खंड न पाडता उठून तो गोळा केला. वीणा माझ्या गळ्यात आली. आम्ही एकमेकांच्या पाया पडलो. मी उठलो आणि नाम धरलं.

मग मला कळलं की माझं निरोपाचं भाषण आता होणार नाही. दोन्ही भाषांतलं. वीणा माझ्या गळ्यात होती.

पेक्काभाऊंनाही ते कळलं असावं. बाहेर अमोल ड्रायव्हरला हलवून उठवत होता, निरंजन बॅगा मोजत होता, “सर, लेट होईल, चला” म्हणून ओरडत होता. पेक्काभाऊ मात्र दोन धोतरांच्या धोतरात माझ्यासमोर शांत उभे राहिले. माइक बाजूला सारून, माझ्यापुरतं बोलले.

“लेलेकाका, तुमी इचारलं न्हवं, काय आठवंल? त्या दिशी मी निम्मंच सांगितलं. पुढचं सांगणार व्हतो, तर तुमी ‘माज्यावर सोडा’ म्हणाला.”

मी म्हणालो, “रामकृष्णहरी.” दुसरं काय म्हणणार?

“आमच्याकडं शेजारी बोलला तर वाटतं, आग लागली. हितं तुमी रोज कुंपणापाशी यिऊन बोलायचा. पयली दोन वर्सं मला कायबी कळत न्हवतं. तरी मी रोज सांजंला बाहीर यायचो. कारखान्यातनं लवकर निघायचो. तुमाला वाटायचं, कीर्तनासाठी.” त्यांनी माझ्या गळ्यातला वीणेचा पट्टा सरळ केला. “तितं कुंपण हाय. पलीकडं कुणी न्हाई. ते आठवंल. लई.”

मी रामकृष्णहरी म्हणालो. ते इतकं हळू निघालं की बायकांना झेलायला काही मिळालंच नाही.

त्यांनी हात जोडले, पंखा नसलेल्या जागेखालून सवयीने वाकूनच बाहेर गेले, आणि गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मला मागे वळून बघता येईना. विठ्ठलाकडे पाठ कशी करणार? मी देवाकडे बघत राहिलो आणि कान रस्त्याकडे ठेवले.

“काका,” मागून सगुणाबाईचा आवाज आला. तिचाही नेहमीसारखा नव्हता. “वरच्या पट्टीत घ्या जरा. ऐकू येत न्हाई.”

अमोलने भोंगा पिरंगुटच्या रस्त्याकडे तोंड करून बांधला होता. मी माइक जवळ ओढला आणि वरची पट्टी धरली. घाटापर्यंत तरी पोचावी, इतकी वरची.